बटण दाबलं तरी डबा सुटत नाही: लायनेलच्या अनकपलिंग रुळाची वायरिंग

लायनेल या अमेरिकन कंपनीच्या विजेवरच्या खेळण्यातल्या रेल्वेबद्दलची तक्रार जवळजवळ नेहमी एकच असते. गाडी फिरते, दिवे लागतात, शिटीही वाजते. मालगाडीचा शेवटचा डबा अनकपलिंग रुळावर, म्हणजे बटणाने डबा सोडायच्या रुळावर, आणून उभा केला, 'अनकपल'चं बटण दाबलं, की खालून बारीक गुणगुण ऐकू येते किंवा तीही येत नाही. कपलर, म्हणजे डबे जोडणारा आकडा, मिटलेलाच. वैतागून गाडी जोरात पळवत बटण दाबलं तर तोच कपलर फटकन उघडतो. म्हणजे शंटिंगसाठी हवा तेव्हा उघडत नाही आणि नको तेव्हा उघडतो. मग कुणीतरी सांगतं, रूळ घासा. घासल्यावर चार दिवस बरं चालतं, पुन्हा तेच.

यात घासण्याचा दोष फारसा नसतो आणि चुंबकही सहसा बिघडलेला नसतो. चुंबकाला वीज कुठून मिळते, तिथे खरी मेख आहे. ती जागा बदलली की बहुतेकांचं काम होतं. उरलेल्यांसाठी पुढे आणखी बरंच लिहिलं आहे.

हे सगळं लायनेलच्या तीन रुळांच्या, ओ गेज या मापाच्या गाड्यांबद्दल आहे, मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सामानाबद्दल. न्यू जर्सीत राहणाऱ्यांना हे सेट सहज सापडतात. गराज सेलमध्ये, शेजारच्या आजोबांच्या बेसमेंटमध्ये, नाहीतर पेनसिल्व्हेनियात यॉर्कला एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये भरणाऱ्या मोठ्या बाजारात. जोशुआ लायनेल कॉवेन यांनी ही कंपनी १९०० साली न्यू यॉर्कमध्ये काढली आणि पुढे कारखाना इथेच न्यू जर्सीत, अर्व्हिंग्टन-हिलसाइड भागात होता. ख्रिसमसच्या झाडाभोवती गाडी लावायची इथली पद्धत, त्यामुळे सेट वर्षातले अकरा महिने दमट बेसमेंटमध्ये खोक्यात पडून असतो आणि डिसेंबरमध्ये एकदम सगळ्यांना हा प्रश्न पडतो. पुण्यात कोथरूडला जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात पाहिलेल्या गाड्या डोळ्यांपुढे असतील तर त्या जरा बाजूला ठेवा. इथे मधला तिसरा रूळ विजेचा, बाहेरचे दोन्ही रूळ परतीचे, आणि वीज एसी असते.

आधी रूळ ओळखा

हे पाऊल वगळून लोक तासन् तास वायरी तपासत बसतात. लायनेलचे दूरनियंत्रित रूळ दिसायला सारखे असले तरी कामाला सारखे नाहीत.

१९३८ सालापासून आरसीएस नावाचा रूळ होता. त्यात नेहमीच्या तीन रुळांखेरीज आणखी दोन बारीक रूळ असतात, म्हणजे एकूण पाच. त्या दोन जादा रुळांना कंट्रोल रूळ म्हणू. डब्याच्या चाकगाडीखाली एक सरकता पत्रा, म्हणजे शू असतो. तो कंट्रोल रुळाला घासतो, तिथून वीज उचलतो आणि कपलरमधल्या कॉइलला देतो. म्हणजे कपलर उघडायची ताकद डब्यातच असते. आरसीएसमध्ये स्वतःचा चुंबक नाही.

१९४८च्या सुमारास कपलर बदलले. कॉइल काढून टाकली आणि कपलरखाली एक लोखंडी पट्टी आली. ती खाली ओढली गेली की खिटी सुटते आणि जबडा स्प्रिंगने उघडतो. आता ओढायला रुळात चुंबक हवा, म्हणून ओ२७ रुळांसाठी (ओ गेजचेच, पण हलके रूळ) ६०१९ आणि ओ गेजसाठी १९४९ साली यूसीएस आला. दोन्हींत मधोमध चुंबकाचं गोल तोंड दिसतं. कंट्रोल रूळही ठेवले, कारण जुने कॉइलवाले डबे आणि दूध उतरवणारे, ओंडके टाकणारे डबे त्यांच्यावरच चालायचे.

तेव्हा तुमच्या रुळाच्या मध्यभागी गोल चुंबक नसेल आणि डबे लोखंडी पट्टीवाले असतील, तर पुढचं काही करू नका. तो आरसीएस आहे आणि त्यावर ते डबे कधीच सुटणार नाहीत. बाजारात आरसीएस स्वस्तात मिळतो तो याचसाठी. उलट बाजूने, जुना शू-वाला डबा नुसत्या चुंबकाच्या साध्या रुळावर सुटणार नाही. लायनेलच्या नव्या फास्टट्रॅक रुळांमध्येसुद्धा नुसता अनकपलिंगचा आणि कंट्रोल रूळ असलेला ऑपरेटिंग असे दोन वेगळे रूळ मिळतात, त्यामुळे विकत घेताना नीट बघा.

टाचणीची परीक्षा

इंजिन आणि डबे सगळे रुळावरून उचला. ट्रान्सफॉर्मरचा दांडा, म्हणजे व्होल्टेज कमीजास्त करणारा, पूर्ण वर करा. चुंबकावर एक पोलादी टाचणी किंवा कागदाची क्लिप ठेवा आणि 'अनकपल' क्षणभर दाबा. क्लिप घट्ट चिकटून थरथरली तर चुंबक, कंट्रोलर (बटणांचा खोका) आणि चार तारांची केबल ही तिन्ही ठीक आहेत. एसी असल्यामुळे थरथर होणारच. मग दांडा खाली आणा, गाडी जेमतेम हलेल इतका, आणि पुन्हा दाबा. क्लिप आता ढिली पडली किंवा सुटली तर तुमचं दुखणं पहिल्या जातीचं आहे, वीजपुरवठ्याचं. पूर्ण व्होल्टेजवरही क्लिप हलली नाही तर वायरिंग किंवा कंट्रोलर. दोन्ही वेळा क्लिप झकास चिकटली आणि तरी डबा सुटत नसेल तर दोष डब्याच्या कपलरचा. या एका परीक्षेने अर्धं काम होतं, आणि तिला मल्टिमीटरही लागत नाही.

वीज चुकीच्या जागेवरून

यूसीएस आणि ६०१९ कारखान्यातून येतात तेव्हा चुंबकाची वीज मधल्या रुळावरून घेतलेली असते. म्हणजे इंजिनाला जो व्होल्टेज, तोच चुंबकाला. इथेच सगळं फसतं. शंटिंग करताना गाडी हळू हवी, म्हणून तुम्ही दांडा खाली आणता. रुळावर आठ-नऊ व्होल्ट उरतात. चुंबक नीट ओढायला १४ व्होल्टच्या आसपास हवेत. शिवाय चुंबक काही अँपिअर खातो, म्हणून बटण दाबताक्षणी उरलेला व्होल्टेजही घसरतो. डब्याचे दिवे मंद होतात, इंजिन अडखळतं, आणि कपलर मिटलेलाच राहतो. गाडी पूर्ण थांबवायला दांडा बंद केला तर रुळावर शून्य व्होल्ट, मग चुंबकाने ओढायचं कशाने?

जुन्या लोकांची एक युक्ती आहे. ज्या इंजिनात तीन स्थितींचा ई-युनिट, म्हणजे दिशा बदलणारा स्विच, असतो ते पुढे, न्यूट्रल, मागे, न्यूट्रल या क्रमाने जातं. गाडी थांबवून न्यूट्रलमध्ये आणली की दांडा वर नेला तरी इंजिन हलत नाही. अशा वेळी १५-१६ व्होल्ट देऊन बटण दाबायचं. हे चालतं, पण प्रत्येक डबा सोडताना दांड्याची एवढी कसरत करावी लागते, आणि स्वस्तातल्या इंजिनांत ई-युनिट दोनच स्थितींचा, त्यात न्यूट्रल नाहीच. घासल्यावर चार दिवस बरं का वाटतं तेही इथेच कळतं. रूळ आणि सांधे स्वच्छ झाले की अर्धा-एक व्होल्ट वाचतो, आणि काठावरचा चुंबक काठावरून अलीकडे येतो. धूळ, गंज पुन्हा साचला की परत पलीकडे.

रुळावर कायम १८ व्होल्ट ठेवून रिमोटने इंजिन चालवणाऱ्यांना हा त्रास होत नाही. मार्कलिनच्या तीन रुळांच्या गाड्या युरोपात खेळलेल्यांनाही हा प्रश्न नवा वाटतो, कारण तिथे अनकपलिंग रुळाला वीज पहिल्यापासून वेगळ्या पिवळ्या तारेने, कायम १६ व्होल्टने मिळते. गाडी किती हळू आहे याच्याशी त्याचा संबंधच नाही. आपल्याला लायनेलमध्ये हेच करून घ्यायचं आहे.

चार तारा कुठे जातात

रूळ आणि कंट्रोलर यांच्यामध्ये चार तारांची चपटी केबल असते. तारांच्या रंगावर किंवा क्रमावर विसंबू नका, सत्तर वर्षांत कुणी ना कुणी ती केबल बदललेली असते. मल्टिमीटर ओमवर ठेवा. ट्रान्सफॉर्मरच्या तारा रुळापासून सोडवा आणि रूळ शेजारच्या रुळांपासून वेगळा काढा, नाहीतर लेआउटवरचं एखादं इंजिन किंवा दिव्याचा एखादा डबा मधला रूळ आणि बाहेरचा रूळ जोडून खोटं वाचन देईल.

एक तार मधल्या रुळाशी जोडलेली सापडेल, एक बाहेरच्या रुळाशी. उरलेल्या दोन एकेका कंट्रोल रुळाशी. या दोन कंट्रोल रुळांपैकी एका रुळापासून बाहेरच्या रुळापर्यंत थोडेसे ओम दिसतील, ती चुंबकाची कॉइल. दुसऱ्या कंट्रोल रुळापासून काहीच दिसायला नको.

कंट्रोलरमधली करामत अशी. 'अनकपल' दाबलं की मधल्या रुळाची तार दोन्ही कंट्रोल रुळांना एकदम जोडली जाते. दोन्हींत वीज आली, म्हणून कॉइलवाले जुने कपलर उघडतात आणि चुंबकही ओढतो. 'अनलोड' दाबलं की एका कंट्रोल रुळाला वीज आणि दुसऱ्याला, म्हणजे चुंबकवाल्याला, परतीची तार. चुंबकाची दोन्ही टोकं परतीला गेल्यामुळे तो गप्प बसतो आणि दूध उतरवणारा डबा, ज्याचे दोन शू दोन कंट्रोल रुळांवर असतात, तो काम करतो. डबा उभा असताना दूध उतरावं आणि कपलर सुटू नये यासाठीची ही योजना आहे. मला तर हा कंट्रोलर सगळ्या संचातला सर्वांत हुशार भाग वाटतो, आणि लोक नेमका तोच फेकून साधं बटण लावतात. दूध-ओंडक्यांचे डबे नसतील तर तेही चालतं, त्याबद्दल पुढे.

बदल कसा करायचा

मधल्या रुळाची जी तार सापडली, तेवढी एकच तार रुळापासून सोडवायची. स्क्रूने बसवलेली असेल तर स्क्रू सैल करून, रिव्हेटने ठोकलेली असेल तर रुळापासून दोन-तीन इंच सोडून कापून. रुळाकडे राहिलेल्या तुकड्याला टेप किंवा श्रिंक ट्यूब लावा. कंट्रोलरकडे जाणारं टोक आता ट्रान्सफॉर्मरच्या वेगळ्या, कायम व्होल्टेजच्या पोस्टला, म्हणजे तार जोडायच्या स्क्रूला, न्यायचं. बाकीच्या तीन तारांना हात लावायचा नाही. परतीचा मार्ग बाहेरच्या रुळांमधून आधीच आहे, फक्त रुळाला जोडलेला लॉक-ऑन (ट्रान्सफॉर्मरच्या तारा रुळाला जोडणारी क्लिप) सैल नाही ना ते बघा. सीटीसी लॉक-ऑनवर १ म्हणजे मधला रूळ, २ म्हणजे बाहेरचा.

लायनेलचा झेडडब्ल्यू ट्रान्सफॉर्मर असेल तर हे फार सोपं जातं. त्याला ए, बी, सी, डी असे चार बदलते पोस्ट आणि सगळ्यांची परत एकच, यू. ए आणि डीच्या मोठ्या दांड्यांवर गाड्या चालवा. बी किंवा सी, म्हणजे मधली लहान बटणं, ६ ते २० व्होल्टपर्यंत जातात, त्यातलं एक चुंबकाला द्या आणि मल्टिमीटर एसीवर ठेवून १४ ते १६च्या मध्ये लावा. डायलवरच्या खुणांवर भरवसा ठेवू नका. मीटर डीसीवर ठेवून शून्य वाचन आलं आणि ट्रान्सफॉर्मर मेला असं समजून नवा आणला, असं घडलेलं आहे, म्हणून पुन्हा सांगतो, एसीवर.

इथे एक धोका आहे आणि तो नीट समजून घ्या. मधल्या रुळाची तार खरंच सुटली आहे याची खात्री न करता तिच्यावर बीची वीज जोडली, तर ए आणि बी हे दोन पोस्ट मधल्या रुळावरून एकमेकांना जोडले जातात. दोघांचा व्होल्टेज वेगळा असेल तर त्यांच्यामध्येच जोरात प्रवाह फिरतो. झेडडब्ल्यूचा आतला सर्किट ब्रेकर यूच्या परतीच्या वाटेवर बसवलेला आहे. ए ते बी फिरणारा प्रवाह त्या वाटेने जातच नाही, म्हणून ब्रेकर उडत नाही, आणि आतली गुंडाळी किंवा घासणारा रोलर जळतो. जोडण्याआधी मीटरने बघा: कंट्रोलरकडे जाणारं टोक आणि मधला रूळ यांच्यात काहीही जोड दिसता कामा नये. हे बघितल्याशिवाय प्लग लावू नका.

बीच्या तारेत साडेसात अँपिअरचा, मोटारगाडीत वापरतात तसा पातळ फ्यूज टाका. जुन्या ट्रान्सफॉर्मरचा ब्रेकर सावकाश उडतो आणि पातळ तारा तितकी वाट बघत नाहीत.

दुसरा ट्रान्सफॉर्मर वापरत असाल तर

झेडडब्ल्यू सगळ्यांकडे नसतो. चुंबकासाठी वेगळा लहान ट्रान्सफॉर्मर घ्यायचा असेल तर दोघांची परत, म्हणजे बाहेरचा रूळ, एकच होणार. म्हणून दोघं एकाच फेजमध्ये हवेत, म्हणजे दोघांच्या एसीची चढउतार एकाच वेळी व्हायला हवी. नसतील तर वीज वापरताना काही कळत नाही, पण इंजिनाखालच्या, मधल्या रुळावरून वीज उचलणाऱ्या रोलरने मधला रूळ आणि वीज असलेला कंट्रोल रूळ एकदम शिवला की दोन्ही व्होल्टेज बेरजेने भेटतात आणि ठिणगी उडते.

तपासायचं असं. दोन्हींच्या परतीच्या पोस्ट एका तारेने जोडा, दोघांचा व्होल्टेज सारखा ठेवा, आणि दोन्हींच्या वीज देणाऱ्या पोस्टच्या मध्ये एसी व्होल्ट मोजा. शून्याच्या जवळ आलं तर फेज जुळली. दुप्पट आलं तर एका ट्रान्सफॉर्मरचा प्लग भिंतीत उलटा लावा. जुने अमेरिकन प्लग दोन सारख्या पट्ट्यांचे असतात, दोन्ही बाजूंनी जातात, म्हणून जुळल्यावर प्लगवर आणि सॉकेटवर नेलपॉलिशचा ठिपका द्या. पुढच्या डिसेंबरला कुणीतरी तो उलटा लावणारच.

वायरिंग बदलूनही चालत नसेल तर

सगळ्यात आधी केबल. युद्धानंतरच्या काळातल्या केबलचं रबर कडक होऊन तडकतं. वरून ठीक दिसते आणि कंट्रोलरच्या तोंडाशी वाकवली की पापड मोडतात तशी मोडते. आतल्या तारा एकमेकींना शिवल्या की बटणाला हात न लावता चुंबक गुणगुणायला लागतो. असं ऐकू आलं की लगेच वीज बंद करा, कारण हा चुंबक क्षणभराच्या कामासाठी केलेला आहे, सतत चालू राहिला तर तापून गुंडाळीचं इन्सुलेशन जळतं. नवी केबल टाकताना १८ गेजपेक्षा पातळ तार नको. यार्डमध्ये असे अनेक रूळ असतील तर १४ किंवा १६ गेजची एक जोडी लेआउटखालून फिरवून तिथून फांद्या काढा.

मग कंट्रोलर. त्यातल्या पितळी पट्ट्या काळ्या पडतात. बटण दाबल्यावर मीटरने दोन टोकांमध्ये बघा, एक-दोन ओम दिसत असतील तर तेवढ्यातच तुमचे व्होल्ट खर्च होतात. खोका रिव्हेटने बंद असेल तर उघडण्याच्या भानगडीत न पडता फटीतून काँटॅक्ट क्लीनरचा फवारा मारून बटण वीसेक वेळा दाबा. बहुतेक सुटतं. बटण दाबल्यावर वर येत नसेल तर मात्र तो कंट्रोलर निवृत्त करा.

नुसतं अनकपलिंग हवं असेल तर साधं, क्षणापुरतं दाबायचं बटण पुरतं. कायम व्होल्टेजची तार बटणाच्या एका टोकाला, दुसऱ्या टोकापासून दोन्ही कंट्रोल रुळांच्या तारा एकत्र. दोन्ही एकत्र केल्या म्हणजे जुने कॉइलवाले डबेही उघडतील. बटण किमान पाच अँपिअरचं घ्या. चालू-बंद असा स्विच चुकूनही लावू नका, कुणीतरी तो चालू ठेवून जेवायला जातं.

चुंबकाच्या तोंडावर काय साचलंय तेही बघा. रुळाचे खिळे, लोखंडी भुगा, आणि कुणी पोलादी लोकरीने रूळ घासला असेल तर तिचे केसासारखे तंतू. ही लोकर लायनेलवर कधीच वापरू नका. तिचे तुकडे चुंबक गोळा करतो, मग ते मधला रूळ आणि कंट्रोल रूळ यांच्यामध्ये पूल बांधतात, आणि इंजिनांच्या मोटरमध्येही शिरतात. रूळ पुसायला स्पिरिटमध्ये बुडवलेलं फडकं पुरतं.

एखादं विशिष्ट इंजिनच जाताना चुंबक आपोआप गुणगुणत असेल आणि मागचा डबा सुटत असेल, तर त्या इंजिनाखाली बघा. रोलर तिरका बसलाय किंवा खाली लटकणारा एखादा धातूचा भाग मधला रूळ आणि चुंबकवाला कंट्रोल रूळ यांना एकदम शिवतोय. कंट्रोल रुळाखालचं इन्सुलेशन तुटून तो कुठे पत्र्याला टेकला असेल तरी शॉर्ट होतो, पण तो इंजिन नसतानाही मीटरवर दिसतो.

कपलरचा दोष

टाचणी घट्ट चिकटते आणि डबा सुटत नाही, अशा वेळी डबा उलटा करा. कपलरखालची लोखंडी पट्टी वर वाकलेली असेल तर चुंबकापासून लांब पडते आणि ओढली जात नाही. बोटाने अगदी किंचित खाली आणा. फार खाली आणलीत तर रूळ बदलणाऱ्या सांध्यांच्या काट्यांवर अडकून चालत्या गाडीत डबे सुटायला लागतील, आणि मग तुम्ही उलटा प्रश्न घेऊन बसाल. पट्टी बोटाने खाली ओढल्यावर जबडा स्वतःहून उघडला पाहिजे. अडखळत असेल तर कपलरचा सांधा साफ करून तेलाचा एक थेंब, जास्त नाही.

जागाही बघा. पट्टी चुंबकाच्या बरोबर वर हवी. अर्धा इंच इकडे-तिकडे झालं की ओढ एकदम कमी होते. वळणाला लागून अनकपलिंग रूळ बसवला तर कपलर बाजूला झुकलेला असतो. रुळाच्या दोन्ही बाजूंना एक-एक सरळ रूळ ठेवता आला तर ठेवा.

नव्या इंजिनांसाठी

रिमोटवर चालणाऱ्या, आत इलेक्ट्रॉनिक्स असलेल्या इंजिनांना चुंबकाची एक खोड आवडत नाही. बटण सोडलं की कॉइलमधून व्होल्टेजची उसळी येते. ती रुळावर गेली तर महागडे बोर्ड जातात. चुंबकाच्या दोन टोकांना आणि ट्रान्सफॉर्मरच्या पोस्ट व यू यांच्यामध्ये १.५केई३६सीए हा दोन्ही बाजूंनी चालणारा, अशी उसळी शोषणारा टीव्हीएस डायोड लावा. दिशेची चिंता नाही. किंमत किरकोळ, त्यामुळे सगळीकडे लावून टाका. अशा पुष्कळ इंजिनांचे कपलर रिमोटवरच, कुठेही उघडतात, म्हणून अनकपलिंग रूळ लागतो तो मुख्यतः डब्यांसाठी.

सेट भारतात नेणार असाल तर

आजोबांचा सेट पुण्याला किंवा गोव्याला नेताना लोक ट्रान्सफॉर्मरवरचा प्लग बदलतात आणि लावतात. असं करू नका. तो १२० व्होल्ट, ६० सायकलचा आहे. २३० व्होल्टवर तो काही मिनिटांत जाईल. २३० ते १२० करणारा स्टेप-डाउन चालतो, पण वारंवारिता ५०च राहते आणि जुना ट्रान्सफॉर्मर नेहमीपेक्षा जास्त तापतो, म्हणून त्याच्यावर पूर्ण भार टाकू नका. चुंबकासाठी तर तिथेच २३० व्होल्टवर चालणारा, १५ व्होल्ट एसी देणारा, पाच अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा. इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात मिळतो, आणि दुय्यम बाजूला वरच्यासारखाच, पण पाच अँपिअरचा फ्यूज. गाड्यांचा ट्रान्सफॉर्मर वेगळा राहिला तर फेजची परीक्षा इथेही करायची, फक्त तीन पिनांचा प्लग उलटत नाही, म्हणून फेज जुळली नाही तर चुंबकाच्या ट्रान्सफॉर्मरच्या १५ व्होल्टच्या दोन तारा आपसात बदलायच्या. मुख्य बाजूच्या जोडण्या एखाद्या इलेक्ट्रिशियनकडून बंद डब्यात करून घ्या. लहान मुलं बोर्डाखाली शिरतात.

सगळं चालायला लागलं की चार तारांवर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवा: मधला रूळ सोडला, परत, चुंबकवाला कंट्रोल रूळ, साधा कंट्रोल रूळ. आणि बीवर किती व्होल्ट ठेवलेत तेही बोर्डाखाली मार्करने लिहून ठेवा.